गेलेले शब्द परत शिकता येतात

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकर्ते माझ्याकडे आले तेव्हा मी त्यांना म्हणालो, मी बँकेतला कारकून, शिक्षण बी. ए. पर्यंतचे. मेंदूच्या आजारावर मी काय बोलणार? त्यावर ते म्हणाले, तुमच्या नानांच्या आजारपणात तुम्ही जे पाहिले आणि त्यानिमित्ताने जे वाचले, तेवढेच सांगा. म्हणून मी आज आपल्यापुढे उभा आहे. मी डॉक्टर नाही. औषधोपचाराचा सल्ला देण्याचा मला अधिकार नाही, आणि तो मी देणारही नाही.

सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. महिन्याचा पहिला आठवडा, पेन्शनची गर्दी. एक वृद्ध गृहस्थ काउंटरवर आले. हातात पैसे काढण्याची स्लिप होती, पण सही नमुन्याशी जुळत नव्हती. मी नाव विचारले. ते म्हणाले, "बारा." पुन्हा विचारले, पुन्हा "बारा." मागच्या रांगेत कोणीतरी हसले. मला वाटले, गृहस्थ पिऊन आले आहेत. "उद्या घरचं कोणीतरी घेऊन या," असे सांगून मी पुढच्या माणसाची स्लिप घेतली. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग स्लिपची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा दवाखान्याचे कागद घेऊन आला. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारे गेले होते. त्यांना स्वतःचे नाव पक्के ठाऊक होते, फक्त ते ओठांवर येत नव्हते. ती स्लिपची घडी मी अजून विसरलेलो नाही.

या आजाराला मराठीत वाचाघात म्हणतात, डॉक्टर मंडळी अफेजिया म्हणतात. मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबली किंवा फुटली की पक्षाघात होतो. बहुतेक माणसांच्या मेंदूत भाषेचे काम प्रामुख्याने डाव्या बाजूला चालते. शरीराच्या उजव्या बाजूची हालचालही डाव्या मेंदूकडेच असते. म्हणून उजवा हात-पाय लुळा पडलेल्या माणसाची वाचाही पुष्कळदा जाते. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना वाचाघात होतो, असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात. डोक्याला मार लागून किंवा मेंदूत गाठ झाल्यानेही तो होऊ शकतो.

याचा शोध जुना आहे. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या डॉक्टरांपुढे एक रुग्ण आला. एकवीस वर्षे तो त्याच रुग्णालयात होता आणि त्याच्या तोंडून "तां" हा एकच उच्चार निघत असे. दुसऱ्याचे बोलणे मात्र त्याला बरेचसे समजत होते. तो वारल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा आढळली. पुढे १८७४ साली कार्ल वेर्निके या तरुण जर्मन डॉक्टरने उलट प्रकारचे रुग्ण नोंदवले. ते घडाघडा बोलत, पण बोलण्याला अर्थ नसे आणि दुसऱ्याचे बोलणेही त्यांना नीट कळत नसे. म्हणजे बोलणे आणि समजणे यांच्या वाटा काहीशा वेगळ्या आहेत. एक बंद झाली म्हणून दुसरी बंद होतेच असे नाही.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. खात्यात शिल्लक आहे, खातेदारही तोच आहे, पण पैसे काढण्याची खिडकी बंद आहे. "पाणी" म्हणजे काय, ते कशात असते, तहान लागल्यावर काय करायचे, हे सगळे त्या माणसाला माहीत असते. त्या अर्थापासून "पाणी" या शब्दापर्यंत आणि शब्दापासून त्याच्या उच्चारापर्यंत जायच्या ज्या पायऱ्या आहेत, त्यातली एखादी तुटलेली असते. मग तो पाण्याला "चहा" म्हणतो, "पानी"च्या जागी "नापी" म्हणतो किंवा नुसताच हात हलवतो. आपण मात्र समजतो, डोके गेले.

आता नानांविषयी. नाना म्हणजे माझे चुलते. गवंडीकाम करत. उमेदीची वर्षे हैदराबादला काढली, त्यामुळे मराठीबरोबर दख्खनी हिंदी चांगली आणि कामापुरती तेलुगू येत असे. २०१८ च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी जेवताना त्यांच्या हातातून घास पडला, तोंड वाकडे झाले आणि बोलणे थांबले. आम्ही शिकलेली माणसे, पण काय केले? कोणी तेल चोळले, कोणी म्हणाले झोपू द्या, सकाळी बघू. सकाळी सोलापूरला नेले तेव्हा रक्ताची गाठ विरघळवण्याच्या इंजेक्शनची वेळ निघून गेली होती. ते इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेल चोळण्यात आम्ही ती वेळ घालवली. हा दोष आमच्या घराचा आहे आणि तो मी इथे मुद्दाम सांगतो आहे. चेहरा एका बाजूला ओढला, हात वर उचलेना, बोलणे अडखळले, यातले एक जरी दिसले तरी १०८ ला फोन करा आणि जिथे मेंदूचा सीटी स्कॅन होतो तिथे जा.

नाना वाचले, पण शब्द गेले. पहिले काही आठवडे "हे काय, हे काय" एवढेच निघे. मग एक दिवस काकूला त्यांनी "पानी दे" म्हटले, हैदराबादी ढंगाने. घरात कोणी घाबरले, कोणी हसले. पण जगभरच्या बहुभाषी रुग्णांत असे आढळते. कधी सगळ्या भाषा एकदम परत येतात, कधी एक आधी येते. १८९५ साली फ्रान्समधील पित्र या डॉक्टरांनी लिहून ठेवले आहे की, जी भाषा माणसाच्या सर्वांत सवयीची असते ती बहुधा आधी परत येते, मग ती मातृभाषा असो वा नसो. नाना तीस वर्षे कामावर पाणी याच शब्दांत मागत आले होते.

दुसरे नवल संध्याकाळी दिसे. ज्यांना मुलाचे नाव घेता येत नव्हते, ते नाना घरात वंदना सुरू झाली की सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून ती पूर्ण म्हणत. एक ते दहा आकडे ओळीने म्हणत, पण "सात बोटं दाखवतो, किती?" असे विचारले की अडत. काकूला वाटे, हे मुद्दाम करतात. तसे नव्हते. पाठ झालेले, चालीवर म्हटलेले शब्द आणि मनाने जुळवून बोलायचे शब्द यांना मेंदू वेगवेगळ्या रीतीने हाताळतो. याच गोष्टीचा उपयोग करून १९७३ साली अमेरिकेत बोस्टनच्या तज्ज्ञांनी रोजची वाक्ये चालीवर, हाताने ताल धरून म्हणवून घेण्याची उपचारपद्धती मांडली.

सोलापुरातल्या एका वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी आम्हाला वाट दाखवली. त्या म्हणाल्या, बाजारातले चित्रांचे पुस्तक आणू नका, त्यांच्या कामातले शब्द घ्या. मग माझ्या मुलीने वहीत चित्रे काढली : थापी, ओळंबा, घमेले, वीट, शिडी. चित्र दाखवायचे आणि थांबायचे. मनात दहा मोजायचे. शब्द आला नाही तर अर्थाची खूण द्यायची : "भिंत सरळ आहे का बघायला काय लावता?" तरी आला नाही तर पहिले अक्षर : "ओ..." शेवटी पूर्ण शब्द आपण म्हणायचा आणि त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचा. आलेला शब्द लगेच, मग पाच मिनिटांनी, मग तासाने, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा. दिसायला बालवाडीसारखे, पण यात शास्त्र आहे. अंतर वाढवत आठवायला लावले की शब्द जास्त टिकतो.

पुढे वाचताना मला एक मौज सापडली. जुन्या अवजारांची चित्रे तिकडे दूर फिनलंडमध्येही वापरली आहेत. तुर्कू शहरातले मात्ती लाइने आणि त्यांचे सहकारी यांना प्रश्न पडला होता की, मेंदूला इजा झालेला माणूस नुसते जुने आठवतो की अगदी नवा शब्दही शिकू शकतो? त्यासाठी आजच्या लोकांनी कधी न पाहिलेली वस्तू हवी होती. त्यांनी त्यांच्याकडच्या पुरातन शेती-अवजारांची चित्रे घेतली. आपल्या कुळवाचे आणि तिफणीचे चित्र शहरातल्या पोराला दाखवावे तसेच ते. वस्तूही नवी, नावही नवे. निरोगी माणसांचे मेंदू तपासता असे दिसले की, नवे नाव आठवताना मेंदूचा डाव्या बाजूचा बराचसा तोच भाग कामाला लागतो, जो जुन्या नावांना लागतो. वाचाघात झालेल्या दोन व्यक्तींवरचा त्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांना यातली काही नवी नावे शिकता आली. सगळ्यांना सारखे जमत नाही, हे खरे. पण इजा झालेल्या मेंदूची शिकण्याची शक्ती संपलेली नसते, हे त्यातून कळते.

आणखी एक दाखला. सहा महिने झाले की आता काही सुधारणा नाही, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. जर्मनीत दीडशेहून अधिक रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. या सर्वांचा वाचाघात सहा महिन्यांहून जुना होता. आठवड्याला किमान दहा तास याप्रमाणे तीन आठवडे कसून उपचार दिल्यावर त्यांचे रोजच्या व्यवहारातले बोलणे सुधारले. तात्पर्य, उशीर झाला म्हणून वही बंद करू नये.

आता आपल्या भागाविषयी. आपला जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू कानावर पडत वाढणे इथे नवे नाही. उमरग्याच्या बाजारात एकच माणूस तीन भाषांत भाव करतो. हैदराबादच्या निजाम आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेला आढळला. हा फरक शाळेचे तोंडही न पाहिलेल्यांतही दिसला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. २०१६ साली तिथलाच पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास आला. पक्षाघातानंतर बुद्धीचे व्यवहार शाबूत राहिलेले लोक बहुभाषिकांत सुमारे ४० टक्के, तर एकभाषिकांत सुमारे २० टक्के होते. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोघांत जवळपास सारखेच होते. इतर देशांतले सगळे अभ्यास याच निष्कर्षाला आलेले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. तरीपण विटा वाहताना, ऊस तोडताना, परगावी पोटासाठी राबताना आपल्या माणसांनी ज्या भाषा उचलल्या, तीही एक कमाई आहे. तिला कमी लेखू नये.

घरात काय करावे, ते थोडक्यात सांगतो. रुग्णाशी समोर बसून, टीव्ही बंद करून, छोट्या वाक्यांत बोला. ओरडू नका, कान शाबूत आहेत. "चहा का दूध?" असे दोनच पर्याय द्या. त्याचे वाक्य तुम्ही घाईने पूर्ण करू नका. चित्र, बोट, मान, जे जमेल ते वापरू द्या. त्याच्यासमोर त्याच्याविषयी "यांना काही कळत नाही" असे कधीही बोलू नका. आणि घरचे व्यवहार त्याला विचारून करा. शेताचा तुकडा विकताना किंवा मुलीचे लग्न ठरवताना वाचा गेलेल्या बापाला कोपऱ्यात बसवू नका.

कायद्याचेही सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. त्यातल्या २१ प्रकारांत वाचा व भाषा दोष हा प्रकार आहे आणि त्यात वाचाघाताचे नाव घेतलेले आहे. दोष कायमचा असेल तर सरकारी रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्र मागता येते. बँकेतही आजारी वा अपंग पेन्शनरला सही करता येत नसेल, तर बँकेला परिचित दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर, ज्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा, अंगठा घेऊन पैसे देण्याची रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. त्या दिवशी मी रांगेकडे न पाहता साहेबांकडे गेलो असतो, तर त्या गृहस्थांना रिकाम्या हाताने परतावे लागले नसते.

नाना आज पूर्ण बरे आहेत असे मी म्हणणार नाही. लांब वाक्य त्यांना अजून जमत नाही. शंभर-सव्वाशे शब्द परत आले, त्यातलेही काही रुसून बसतात. पण गेल्या वर्षी आमच्या घराच्या खोलीचे काम निघाले तेव्हा ते खुर्ची टाकून बसले होते. नव्या पोराने भिंत चढवली, नानांनी मान हलवली आणि म्हणाले, "ओळंबा." पोराने ओळंबा लावला. भिंत बोटभर बाहेर गेली होती. त्याने वरचे दोन थर उतरवले आणि पुन्हा बांधले.

आपल्या वस्तीत, आपल्या नात्यात असा कोणी गप्प बसलेला माणूस असेल, तर आज घरी जाताना त्याच्याजवळ दहा मिनिटे बसा आणि त्याच्या शब्दाची वाट पाहा, एवढीच विनंती करून मी माझे दोन शब्द संपवतो.

जय भीम.