मैदानाबाहेर बसलेला गडी



आज आम्ही कबड्डीबद्दल बोलणार आहोत. कबड्डी तुम्हांला नवी नाही. तुमच्यातले जुने लोक तिला हुतूतू म्हणतात. पण चढाई कशी करावी, पकड कशी करावी, हे आज सांगायचे नाही. आज बोलायचे आहे ते न खेळणाऱ्या गड्याबद्दल. पाय बांधून रेषेबाहेर पोत्यावर बसलेला गडी तुम्ही पाहिला असेल. सगळे गाव आत बघत असते. त्याच्याकडे कोण बघतो? आम्ही संघ चालवणारे चौघे. आम्हीही बघत नव्हतो. म्हणून तर ही गोष्ट सांगावी लागते.

आमच्या संघात चढाई करणारा एक पोरगा होता. नाव सांगत नाही. पोरगा विजेसारखा चपळ. जत्रेच्या सामन्यात चढाई करून परत फिरताना त्याचा पाय मातीत रुतला आणि अंग मात्र वळले. गुडघ्यात कट् असा आवाज झाला. आम्ही रेषेबाहेर होतो, तरी आम्हांला तो ऐकू आला. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला.

मग आम्ही काय केले? ओळखीच्या एका माणसाकडे नेले. त्याने गरम तेलाने गुडघा चोळला आणि पाय ओढला. पोरगा ओरडला. आम्ही म्हणालो, "सोस थोडं. बरं होईल." पंधरा दिवसांत सूज उतरली. पोरगा चालू लागला. आम्हांला वाटले, झाले बरे.

तीन आठवड्यांनी शेवटचा सामना होता. त्याला बाहेर बसवले होते. मागून कुणीतरी ओरडले, "काय रे, पाय दुखतोय का जीव घाबरतोय?" लोक हसले. आम्ही तीन गुणांनी मागे होतो. आम्ही तोंडाने त्याला काही म्हणालो नाही. पण चौघांनीही त्याच्याकडे पाहिले. मंडळी, तेवढे पाहणेच पुरे झाले. तो उठला, गुडघ्याला फडके आवळले आणि आत गेला. दुसऱ्याच चढाईत गुडघा निसटला आणि तो खाली बसला. चौघांनी मिळून त्याला उचलून आणले.

तेव्हा कुठे आम्ही त्याला जिल्ह्याच्या गावी मोठ्या डॉक्टरकडे नेले. डॉक्टरांनी समजावून सांगितले, ते तुम्हीही ऐका. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड गुडघ्यात एकमेकांवर टेकतात. ती जागेवर राहावीत म्हणून चार बळकट बंध असतात. दाव्याला बांधलेले जनावर जसे खुंट्यापासून लांब जात नाही, तसे हे बंध हाडांना हलू देत नाहीत. दोन हाडांच्या मध्ये दोन छोट्या गाद्या असतात. आमच्या पोराचा आतला एक बंध पहिल्याच दिवशी तुटला होता. असा बंध सहसा आपोआप पहिल्यासारखा जुळत नाही. सूज उतरते, दुखणे कमी होते, सरळ रस्त्याने चालताही येते. पण झटकन वळले की हाड जागचे सरकते. आणि कबड्डीत तर सारखे वळायचेच असते. दुसऱ्या वेळी हाड सरकले, तेव्हा मधली गादीही फाटली.

डॉक्टर म्हणाले, "आधी आणले असते, तर गादी वाचवता आली असती."

आम्ही खाली मान घातली. दुसरे काय करणार?

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावले की निदान नऊ महिने खेळायचे नाही. त्याआधी मैदानात पाय टाकला, तर बांधलेला बंध पुन्हा तुटेल. पायाची सोय अशी झाली. पण पोरगा मैदानाकडे फिरकेना. मैदान दिसू नये म्हणून तो रानात जायला ओढ्याकडची लांबची वाट धरू लागला. एके दिवशी त्याची आई आमच्याकडे आली. म्हणाली, "दादा, पोरगं धड जेवत नाही. भिंतीकडं तोंड करून निजतंय. त्याच्या पायाचं मी बघते. मनाचं तुम्ही बघा."

आम्ही त्याच्या घरी गेलो. बराच वेळ कोणी बोलेना. मग तोच म्हणाला, "तुम्ही परवा जिंकलात. मला बरं वाटलं. पण पोटात जळलं बी. माझ्या जागी तो खेळला. त्याची चढाई फुकट जावी, असं एकदा मनात आलं. मी लई वाईट माणूस हाय का?"

नाही हो! ज्याने जीव ओतून खेळ केला, त्याला असे वाटणारच. हे बोलून दाखवायला मोठी हिंमत लागते. आम्ही तसे त्याला सांगितले. आणि एक खरी हकीकतही सांगितली.

२०१६ साली ब्राझील देशात रिओ शहरी ऑलिंपिकचे सामने झाले. हरियाणाची विनेश फोगट तिथे कुस्ती खेळत होती. समोर चीनची सुन यानान होती. विनेश पुढे होती. इतक्यात तिचा उजवा गुडघा मुरगळला आणि तिला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. त्याच दिवशी तिच्याच संघातल्या साक्षी मलिकने कांस्यपदक जिंकले. भारताच्या महिला कुस्तीगिराला मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. एकाच संघातल्या दोघी, एकच दिवस. एक मंचावर, एक खाटेवर. विनेशच्या मनात काय चालले असेल, ते तिचे तिलाच ठाऊक. पण पुढचे आपल्याला ठाऊक आहे. तिनेही शस्त्रक्रिया करून घेतली. २०१८ साली जकार्ता इथल्या आशियाई सामन्यांत पहिल्याच कुस्तीत तिच्यासमोर तीच सुन यानान आली. विनेशने तिला हरवले आणि शेवटी सोन्याचे पदक घेतले. मधे दोन वर्षे गेली होती, हे ध्यानात घ्या. तीन आठवडे नव्हे.

पोरगा ऐकून गप्प राहिला. मग म्हणाला, "पण मी तिथं येऊन बसून करू काय?"

हा प्रश्न मात्र खरा होता. नुसते बसायचे, तर लोक कीव करणार. म्हणून आम्ही त्याला वही दिली. म्हटले, समोरच्या संघावर नजर ठेव आणि दिसेल ते लिही. त्याची शाळा चौथीतच सुटलेली. पहिल्या दिवशी त्याने चारच ओळी लिहिल्या, त्याही वाकड्या. पण पुढच्या सामन्यात मधल्या सुटीत तो कुबडी टेकत आला आणि वही उघडून म्हणाला, "त्यांचा डाव्या कोपऱ्यातला गडी दर वेळी आधीच पुढं झेप घेतोय. त्याला हूल द्या." ज्याच्यावर त्याचे पोट जळत होते, त्याच पोराने तशी हूल दिली आणि दोन वेळा गुण आणले. सामना आम्ही हरलो, ते सोडा. पण सामना संपल्यावर ते दोघे वही मधे घेऊन अंधार पडेपर्यंत बोलत बसले होते.

कबड्डीचा नियम तुम्हांला माहीत आहे. बाद झालेला गडी बाहेर रांगेत बसतो. आपल्या बाजूने समोरचा गडी मारला, की रांगेतला पहिला पुन्हा आत येतो. बाद झालेल्याला कोणी संघाबाहेरचा म्हणत नाही. मग पाय मोडलेल्यालाच आपण का म्हणतो, कोण जाणे!

आता कामाचे चार शब्द. खेळताना कुणाचा गुडघा किंवा घोटा मुरगळला, तर खेळ तिथेच थांबवा. त्याला निजवा आणि पाय उशीवर उंच ठेवा. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावा. उघडा बर्फ कातडीवर ठेवू नका. पहिले दोन-तीन दिवस चोळणे नको, शेकणे नको, आणि ओढणे तर मुळीच नको. पायावर भार देता येत नसेल, किंवा थोड्या वेळातच मोठी सूज आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आमच्या पोराला आता सहा महिने झाले. रोज सकाळी तो सांगितलेला व्यायाम करतो. हळूहळू सरळ रेषेत पळतो. वळायची परवानगी अजून मिळालेली नाही. तो परत चढाई करील का, हे डॉक्टरही आज सांगत नाहीत.

येत्या शनिवारी देवळामागे सामना आहे. तो चुन्याच्या रेषेबाहेर पोत्यावर बसलेला दिसेल. जाऊन त्याच्या शेजारी बसा. पाय कधी बरा होणार, असे विचारू नका. ते त्याला दिवसातून दहा जण विचारतात. समोरच्या संघात कच्चा गडी कोणता, ते विचारा. तो वही उघडून दाखवील.