बंदूक घेऊन न लढलेला शिपाई



गिरणीत कापसाची धूळ छातीत घेतलेल्या आम्हा कामगारांना दम लागणे म्हणजे काय, ते सांगावे लागत नाही. म्हणून आज आम्ही डेसमंड डॉसविषयी बोलणार आहोत. अमेरिकेच्या पलटणीत जखमींची मलमपट्टी करणारा हा माणूस बंदूक घेऊन कधी लढला नाही. १९४५ साली ओकिनावाच्या कड्यावरून त्याने सुमारे ७५ जखमी दोराने खाली सोडले. पुढे स्वतःही जखमी झाला. सर्वोच्च पदक मिळाले. पण युद्धात जडलेल्या क्षयापायी एक फुप्फुस अन् पाच बरगड्या गेल्या. साडेपाच वर्षे उपचारात गेली. १९७६ साली औषधांपायी कानही गेले. तरी २००६ पर्यंत जगला.

पदकाला टाळ्या सगळेच वाजवतात. पण आपल्या चाळीत कुणी खोकत पडला असेल, तर त्याच्या दाराशी कोण जातो? आपण जाऊया.

जयभीम!