वरकसावरच्या कडधान्यांची तहान

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

नाशिक जिल्ह्यातल्या भरपूर पावसाच्या तालुक्यांत इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ यांच्याबरोबर सुरगाण्याचे नाव घेतले जाते. मग पाण्याचा ताण सोसणाऱ्या पिकांविषयी बोलताना सिन्नर, येवला, मालेगाव सोडून सुरगाण्याकडे कशाला वळायचे, असे कोणी विचारील. त्याने एकदा सुरगाण्यात चैत्रात जावे. श्रावणात जिथे पाय चिखलात रुततो, तिथेच चैत्रात बायाबापड्या हंडे घेऊन झऱ्यावर थांबलेल्या दिसतात. पाऊस पडतो, पण उतारावरून वाहून जातो. जमीन मुरमाड, मातीचा थर पातळ. त्यामुळे आभाळ मोकळे झाले की थोड्याच दिवसांत पिकाची तहान सुरू होते.

भात आणि नागली यांचे बहुतेक दिवस पावसातच जातात. ही तहान खरी भोगतात ती कडधान्ये. वरकस जमिनीवरचा उडीद आणि कुळीथ शेवटी कोरड्यात सापडतो. भात निघाल्यावर खाचरातल्या उरलेल्या ओलीवर टाकलेल्या हरभऱ्याचे तर सारे आयुष्यच आटत्या ओलीवर जाते. तो फुलावर येतो, घाटे धरतो आणि नेमका दाणा भरायच्या वेळी जमीन कोरडी पडते. घाटे पोचट राहिले की घरातली डाळ गेली आणि गावात थांबण्याचे एक कारणही गेले. मग दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांची वाट धरावी लागते.

या शेवटच्या ताणावर कृषिशास्त्रज्ञ फार वर्षे काम करीत आहेत. जुनी पद्धत अशी, की दोन वाणांचा संकर करायचा, हजारो रोपे वाढवायची, ताण पडला की कोणती तगतात ते पाहायचे आणि तीच पुढच्या वर्षी पुन्हा पेरायची. यात अडचण एकच. ज्या वर्षी पाऊस लांबला, त्या वर्षीची परीक्षा फुकट जाते. शिवाय जमिनीखालची मुळे उपटल्याशिवाय दिसत नाहीत आणि उपटलेले रोप मरते.

जनुकीय क्रम वाचण्याच्या तंत्राचा उपयोग इथे झाला. प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबलचक धागा असतो आणि त्यावरचा मजकूर अवघ्या चार अक्षरांत लिहिलेला असतो. हरभऱ्याच्या बाबतीत ही अक्षरे सुमारे ७४ कोटी भरतात. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील 'इक्रिसॅट' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पुढाकाराने २०१३ मध्ये या मजकुराचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात २८ हजारांहून अधिक जनुके आढळली. त्याआधीच 'आशा' या वाणावरून तुरीचा क्रम वाचून झाला होता. २०२१ मध्ये तर हरभऱ्याच्या लागवडीखालील आणि रानटी मिळून ३,३६६ नमुन्यांचा मजकूर एकमेकांशी ताडून पाहिला गेला.

वाचून उपयोग काय? 'आयसीसी ४९५८' नावाचा हरभऱ्याचा एक वाण आहे. त्याची मुळे लवकर आणि जोमाने वाढतात व खोलवर जातात. दीड हजारांवर नमुन्यांच्या चाळणीतून तो ताण सोसणारा म्हणून पुढे आला. त्याच्या चौथ्या गुणसूत्रावरच्या एका लहानशा भागात मुळांशी आणि ताण सोसण्याशी निगडित असे बरेच गुण एकत्र नांदतात, असे आढळले. हा भाग ओळखण्याच्या खुणा हाती आल्या. मग दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी 'पुसा ३७२' या वाणाशी त्याचा संकर केला. प्रत्येक पिढीत कोवळ्या रोपाचे पान तपासायचे, खूण असलेली रोपे ठेवायची आणि ती पुन्हा 'पुसा ३७२' शी जोडायची, असा क्रम चालला. दुष्काळाची वाट पाहावी लागली नाही आणि रोप उपटावेही लागले नाही. त्यातून तयार झालेला 'पुसा चना १०२१६' हा वाण २०१९ मध्ये प्रसारित झाला. ताणाच्या परिस्थितीत त्याचे सरासरी उत्पादन हेक्टरी साडेचौदा क्विंटलच्या आसपास, म्हणजे मूळ वाणापेक्षा सुमारे १२ टक्के जास्त आले. तो ज्या भागासाठी आहे, त्यात महाराष्ट्रही येतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बीटी कापसात जिवाणूचे जनुक घातलेले असते. या हरभऱ्यात बाहेरचे काही नाही. हरभऱ्याचाच गुण हरभऱ्यात आणला आहे आणि तोही परागीकरणानेच. क्रम वाचल्यामुळे निवड डोळसपणे करता आली, एवढेच.

आता सुरगाण्याचा प्रश्न. खोल मूळ काळ्या, खोल जमिनीत कामाला येते, कारण खाली ओल शिल्लक असते. वरकसावर हातभर मातीखाली मुरूम किंवा कातळ लागतो. तिथे मूळ खोल जाणार कुठे? तिथे ओल संपण्याआधी दाणा भरून मोकळे होणारे, पाने मिटून पाणी राखणारे किंवा थोड्या ओलीत फुटवा टिकवणारे पीक हवे. म्हणजे दिल्ली-हैदराबादला जे उत्तर सापडले, ते जसेच्या तसे उचलून इथे लावता येणार नाही. पद्धत तीच ठेवून प्रश्न मात्र इथल्या जमिनीचा विचारावा लागेल.

त्याचे उत्तर कदाचित इथल्याच कणगीत असेल. कुळीथ मुळातच काटक पीक. त्याचा जनुकीय क्रम २०२१ मध्ये, तर वालाचा गुणसूत्रांच्या पातळीवरचा क्रम २०२३ मध्ये आफ्रिकी शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झाला. पण एका वाणाचा क्रम म्हणजे त्या पिकाचा एकच नमुना. हरभऱ्याचे काम पुढे गेले, कारण हजारो जुने नमुने बीजपेढीत जपलेले होते. पाड्यापाड्यावरचे कुळीथ, उडीद, वाल यांचे वाण असे जपले गेले नाहीत, तर उद्या यंत्र कितीही स्वस्त झाले तरी त्यात घालायला दाणाच नसेल.

हे काम शाळेची पायरी न चढताही करता येते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे कितीतरी गावरान वाण घरी राखले. 'बायफ' संस्थेची साथ त्यांना मिळाली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कोंभाळण्याचे डोंगर आणि सुरगाण्याचे डोंगर एकाच सह्याद्रीचे.

कायदाही शेतकऱ्याच्या बाजूने आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आपले बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देवाणघेवाणीचा हक्क दिला आहे. गावाचा वाण नोंदवता येतो आणि त्यातून पुढे नवे वाण निघाले तर लाभाचा वाटा मागता येतो. मात्र त्यासाठी वाण हातात असला पाहिजे आणि त्याची माहितीही.

म्हणून सुरगाण्याच्या शेतकरी बंधुभगिनींना एक विनंती. या हंगामात कुळीथ, उडीद, वाल काढाल तेव्हा चांगल्या झाडांचे बी निराळे काढा. राखेत घालून मडक्यात ठेवा. सोबत एका चिठ्ठीवर वाणाचे आपल्या बोलीतले नाव, पाड्याचे नाव, जमीन उताराची की खाचराची, किती दिवसांत आले आणि पाऊस थांबल्यावर किती दिवस तगले, एवढे शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या. त्यातले मूठभर कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, उरलेले पेरा. शास्त्रज्ञ डीएनएची अक्षरे वाचतील. पण कोणते झाड कोरड्यात तगते, ते त्यांना आधी तुम्हीच सांगायचे आहे.