मैलागाळ आणि भाताचं खाचर



जपानच्या क्यूशू बेटावर सागा नावाचं शहर आहे. तिथल्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात उरलेला मैलागाळ वाया जात नाही. जिवाणूंच्या जोरावर तो असा कुजवतात, की ढीग नव्वद अंशांच्या वर तापतो. त्या उष्णतेत रोगजंतू, जंतांची अंडी, तणाचं बी, काही टिकत नाही. तयार झालेलं खत शेतकऱ्यांना अगदी स्वस्तात मिळतं. जपानला जवळजवळ सगळं स्फुरद बाहेरून आणावं लागतं. २०२२ साली खतांचे भाव भडकले, तेव्हा तिथल्या सरकारनेही या गाळाकडे मोर्चा वळवला.

मला हे मनापासून पटतं. शेतातलं सत्त्व शहरात जातं, ते शेतात परतलंच पाहिजे. पण भाताच्या बाबतीत एक गोष्ट जपायला हवी.

जपानमधल्याच तोयामा भागात जिंझू नदीचं पाणी भातखाचरांत जायचं. वरच्या अंगाला कामिओका खाण होती. तिच्यातलं कॅडमियम तांदळात उतरलं आणि तो भात वर्षानुवर्षं खाणाऱ्यांची, विशेषतः बायकांची, हाडं ठिसूळ झाली. खोकला आला तरी बरगडी मोडायची. १९६८ साली सरकारने हा प्रदूषणाचा रोग असल्याचं मान्य केलं. ते विष खाणीचं होतं, गाळाचं नव्हे. पण शहराच्या गटारात मुलामा देणाऱ्या कारखान्यांचं पाणी मिसळलं, तर तोच धातू गाळात येऊन बसतो. जंतू उष्णतेने मरतात, धातू नाही.

खाचरात पाणी उभं असतं, तोवर कॅडमियम गंधकाशी जखडलेलं राहतं. पाणी तोडलं, जमिनीला भेगा पडल्या, हवा आत शिरली, की ते सुटतं आणि मुळं ते ओढून घेतात. म्हणून जिथे धोका आहे तिथे जपानी शेतकरी भात निसवण्याच्या आधी आणि नंतर तीनेक आठवडे पाणी आटू देत नाहीत. मात्र जमिनीत आर्सेनिक असेल, तर उभ्या पाण्यात तेच मोकळं होतं. तेव्हा माती तपासल्याशिवाय हा उपाय करू नये.

गाळात नत्र आणि स्फुरद भरपूर, पालाश मात्र नावापुरतं. ते पाण्याबरोबर निघून जातं. पालाश वेगळं द्या आणि युरिया देताना हात आखडता घ्या, नाहीतर भात लोळेल, करपा येईल.

आणि गाळखत घेताना तपासणीचा कागद मागा. कॅडमियम किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत हवं. जपानात गाळखताला आणि आपल्याकडे शहरी कंपोस्टला हीच मर्यादा आहे. कागद नसेल, तर फुकट मिळालं तरी ते खाचरात घालू नका.