घर जळाल्यावरचे पहिले दिवस
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मेळाव्यात आपण नेहमी बियाणे, खते, कीड-रोग यांविषयी बोलतो. आज थोडा वेगळा विषय घेतो. चैत्र-वैशाखात ऊन तापते, वारा सुटतो आणि आगीच्या बातम्या येऊ लागतात. आग विझवावी कशी, हे अनेकांनी सांगितले आहे. आग विझल्यावर त्या कुटुंबाने काय करावे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

हा विषय मी पुस्तकातून घेतलेला नाही. मी शाळेत असताना माझ्या मामांचे घर जळाले. कुडाच्या भिंती, वर पत्रे, परसात पऱ्हाटीचा ढीग. चुलीतील निखारा वाऱ्याने पऱ्हाटीत गेला. मामांचे घर गेले आणि त्याला लागून असलेले शेजाऱ्यांचेही गेले. माणसे वाचली. दोन्ही घरांच्या बैलजोड्या त्या वेळी शेतात होत्या, म्हणून त्याही वाचल्या. नुकसान दोघांचे सारखेच होते, पण पुढची वाट वेगळी झाली. ती का वेगळी झाली, ते शेवटी सांगतो.

आधी माणसे आणि जनावरे

भाजलेल्या जागेवर साधे थंड पाणी निदान २० मिनिटे ओतत राहावे. बांगड्या, अंगठी, जोडवी सूज येण्याआधी काढावीत. तूप, तेल, शाई, टूथपेस्ट लावू नये. नंतर स्वच्छ कापडाने झाकून दवाखाना गाठावा.

जनावरांनाही हाच नियम. अंगावर पाणी ओतावे, सावलीत बांधावे, पिण्यास भरपूर पाणी ठेवावे. जखमेवर राख किंवा तेल लावू नये. बाहेरून भाजलेले दिसत नसले तरी जनावर धापा टाकत असेल किंवा नाकातून फेस येत असेल, तर धूर आत गेला आहे असे समजून लगेच जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे. गाई-म्हशीची कास भाजली आहे का, ते हात लावून पाहावे. पुढे जखमेवर माश्या बसून अळ्या पडतात, त्यासाठी डॉक्टरांनी दिलेले औषध रोज लावावे.

कडब्याची गंजी वरून विझली तरी आतून धुमसत राहते. ती उपसून, पाणी मारून मोकळी करावी आणि रात्री राखण ठेवावी. अर्धवट जळालेल्या भिंतीजवळ मुलांना जाऊ देऊ नये.

पंचनामा होईपर्यंत आवराआवर नको

राख पाहवत नाही, म्हणून आपण लगेच झाडझूड करतो. ही चूक महागात पडते. आगीची खबर तलाठी, तहसील कार्यालय आणि पोलीस ठाणे यांना त्याच दिवशी द्यावी. मोबाईलवर सर्व बाजूंनी फोटो घ्यावेत. मेलेले जनावर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी शवविच्छेदन केल्याशिवाय पुरू नये.

नुकसानीची यादी करताना घरातील बाईला जवळ बसवावे. कापूस किती क्विंटल होता हे पुरुष सांगेल. पण भांडी, कपडे, डाळी आणि शिलाई मशीन तिलाच आठवेल. जे पंचनाम्यात लिहिले गेले नाही, ते नंतर मागता येत नाही. म्हणून पंचनामा वाचून मगच सही करावी आणि त्याची प्रत मागावी.

आग ही शासनाच्या मदतीस पात्र आपत्तींमध्ये धरलेली आहे. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरविलेल्या निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या घरासाठी सपाट भागात १,२०,००० रुपये, मोठ्या दुभत्या जनावरामागे ३७,५०० रुपये आणि ओढकामाच्या मोठ्या जनावरामागे ३२,००० रुपये असे दर होते. सध्याचा दर व अटी तहसील कार्यालयात विचाराव्यात. गॅस सिलिंडरमुळे आग लागली असेल, तर वितरकाला लगेच लेखी कळवावे, कारण अशा अपघातांसाठी गॅस कंपन्यांचा विमा असतो. विजेच्या तारेमुळे लागली असेल, तर विद्युत निरीक्षकांची चौकशी व्हावी असा अर्ज द्यावा. त्यांच्या अहवालावर भरपाई अवलंबून असते.

कागद जळाले, हक्क जळत नाही

जमिनीचा कागद जळाला म्हणून जमीन जात नाही. सातबारा व आठ-अ पुन्हा मिळतो. खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते. रेशनकार्डाची दुय्यम प्रत तहसील कार्यालयात, तर मुलांची गुणपत्रके शिक्षण मंडळाकडे मिळतात. पासबुक जळाले तरी खाते शाबूत असते. यांपैकी काही कामांसाठी पोलिसांकडील नोंदीची प्रत लागू शकते.

जळालेल्या नोटा फेकू नका आणि एकमेकींपासून सोडवत बसू नका. तशाच डब्यात ठेवा. अगदी कोळसा झालेल्या नोटा गावातील बँक घेत नाही. त्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात तपासून घेतल्या जातात. असे कार्यालय मुंबईला आणि नागपूरला आहे.

बियाणे तपासल्याशिवाय पेरू नये

पोते जळाले नाही म्हणजे बियाणे चांगले राहिले, असे नाही. धगीने उगवणशक्ती जाते, सोयाबीनची तर लवकर जाते. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवावेत. ७० किंवा अधिक दाणे चांगले उगवले, तर एकरी ३० किलो बियाणे वापरावे. त्याहून थोडे कमी उगवले, तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे. फारच कमी उगवले, तर ते पेरू नये. कीटकनाशकाच्या डब्यांजवळ धुरात सापडलेले धान्य माणसांना किंवा जनावरांना घालू नये.

घाईने काय विकू नये

आता मामांची गोष्ट पुरी करतो. मामांना उघड्यावरचा संसार सहन होईना. आठव्या दिवशी त्यांनी बैलजोडी बाजारात नेली. घर जळाल्याचे गिऱ्हाइकाला माहीत होते, त्यामुळे निम्म्या भावात जोडी गेली. त्या पैशात भिंती उभ्या राहिल्या. मृग बरसला तेव्हा मामांकडे घर होते, पण औत ओढायला बैल नव्हते. भाड्याचे बैल मालकाची पेरणी उरकल्यावरच मिळतात. पेरणी पंधरवडाभर मागे पडली, पीक हातचे गेले आणि सावकाराची पायरी चढावी लागली. त्यातून सुटायला चार वर्षे लागली. मामी नेहमी म्हणायची, “घर उभं राहिलं, पण घराला पोसणारं गेलं.”

शेजाऱ्यांनी पावसाळा खळ्याच्या कडेला, जुन्या पत्र्यांच्या आडोशाला काढला. बैल ठेवले, गायही ठेवली. दुधावर मीठ-मिरची भागली. पेरणी वेळेवर झाली. दिवाळीनंतर सुगीच्या पैशात त्यांनी घर बांधले. भावकीने आणि गावाने इर्जिक करून भिंती उचलल्या.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की आधी कमाईचे साधन सांभाळा, घर मागाहून बांधा. बैल असोत, दुभती गाय असो किंवा पाण्याची मोटार असो, पहिला महिना त्यातले काहीही विकू नका. पीककर्ज असेल, तर बँकेला किंवा सोसायटीला पंचनाम्याची प्रत देऊन मुदतवाढ मागा. आणि शेजाऱ्यांनो, अशा घराला नुसते धान्य देऊन थांबू नका. पेरणीच्या दिवशी एक औत पाठवा.

पुन्हा बांधाल तेव्हा कडबा आणि पऱ्हाटी घर-गोठ्यापासून दूर ठेवा. कापूस देवघर व चुलीच्या खोलीत साठवू नका. जनावराच्या दाव्याला एका ओढीत सुटेल अशी गाठ मारा. घराचा व सामानाचा आगीचा विमा उतरवा.

आगीत गेलेले सर्व परत येत नाही. पण एक हंगाम वेळेवर साधला, तर घर पुन्हा उभे राहते. एवढे सांगून माझे भाषण संपवतो.