संगणकाचे चित्र मोठ्या पडद्यावर
एखाद्या कुटुंबास घरच्या संगणकावरील चित्रफीत दूरचित्रवाणीच्या विस्तृत पडद्यावर सहपरिवार पाहावयाची असेल, तर चित्र व ध्वनी एकत्रच वाहून नेणारी एचडीएमआय केबल पसंत करावी; 1987 पासूनची, पंधरा पिनांची व्हीजीए केबल केवळ चित्र नेते, ध्वनीची तजवीज निराळी करावी लागते.

केबल ज्या खाचेत खोवली तिचाच क्रमांक रिमोटवरील ‘सोर्स’ कळीने निवडावा. चित्राच्या कडा कापल्या गेल्या (ही जुन्या दूरचित्रवाणी संचांपासून वारशाने आलेली खोड आहे), तर संचाच्या चित्र-आकारात फेरबदल करावा. आवाज संगणकातूनच येत राहिल्यास त्याच्या ध्वनी-सेटिंगमध्ये टीव्हीचे नाव निवडावे.