कातडी नव्हे, अंग
(घोडेगाव येथे जुन्नर-आंबेगावच्या महिला गटांपुढे केलेलं भाषण)



आज एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलायचं आहे. 'स्किन'. साबणाच्या, क्रीमच्या जाहिरातीत आपण तो रोज ऐकतो. हा शब्द इंग्रजीत आला उत्तर युरोपातल्या नॉर्स भाषेतून. तिथे अर्थ होता जनावराचं कातडं. आपला 'कातडं' शब्दही संस्कृत 'कृत्ति'वरून आला. त्याच्या मुळाशी कापणं आहे. साप टाकतो ती 'कात' याच घराण्यातली. म्हणजे दोन्हीकडे कातडी ही अंगावेगळी करता येणारी वस्तू.

शब्दांची ही चर्चा कशाला? जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने एक निकाल दिला. बारा वर्षांच्या मुलीची छाती कपड्यांवरून दाबणाऱ्या माणसाला पॉक्सोच्या गुन्ह्यातून मुक्त केलं. कारण, 'स्किन टू स्किन' स्पर्श झाला नव्हता. मुळात कायद्याच्या कलम ७ मध्ये 'स्किन' हा शब्दच नाही! हातमोजे घालून हात लावणारा मग सुटणारच, असं ॲटर्नी जनरलनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निकाल रद्द झाला. लैंगिक हेतू महत्त्वाचा, कातडीला कातडी लागणं नव्हे, हे स्पष्ट झालं.

पण आपल्याकडे तो प्रश्न संपलेला नाही. एस.टी.त त्रास झालेल्या एका शाळकरी मुलीबरोबर मी पोलीस ठाण्यात गेले होते. पहिलाच प्रश्न आला, "कपड्यावरून की आतून?" पोरगी गप्प झाली. तिची आजी म्हणाली, "सायेब, पोरीच्या अंगाला हात लावला." लिहिलं गेलं, "धक्का लागला." मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, कायदा पाठ असलेली. पण त्या दिवशी अडून बसले नाही. ते अजून सलतं.

आजीचा शब्द बरोबर होता. वडापच्या जीपमध्ये आपण अंग चोरून बसतो, कातडी चोरून नाही. साडी, ओढणी, गणवेश यांच्यासकट ते आपलं अंग असतं.

म्हणून लक्षात ठेवा. पॉक्सोच्या कलम २४ प्रमाणे मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. कलम २६ प्रमाणे तो मुलीने सांगितला तसाच, पालकांसमोर लिहायचा असतो. तक्रार वाचून दाखवायला लावा. 'अंगाला हात लावला' असं ती म्हणाली, तर कागदावर तेच यायला हवं. तोवर कुणी सही करायची नाही.